आखाडाचा कोंबडा पौषातला

वीस गावरान कोंबड्या वर्षाची सरासरी धरली तर रोज तीन अंडी देतात. आकडा वाचून शहरातलं गिऱ्हाईक हसतं आणि कोंबड्या पाळणारी बाई मान डोलावते. अस्सल गावरान कोंबडी वर्षाला साठच्या आसपास अंडी घालते. बारा-पंधरा अंडी झाली की ती खुडूक होते, म्हणजे अंडी घालणं थांबवून एकवीस दिवस ती उबवायला बसते, मग पिल्लं घेऊन दोन महिने उकंडे उकरत हिंडते आणि पुन्हा अंड्यावर येते. वर्षात असे तीन-चार फेरे होतात. वीस कोंबड्यांची बाराशे अंडी तीनशे पासष्ट दिवसांवर वाटली की रोजची सव्वातीन पडतात. आठवड्याला दोन डझन. म्हणजे दोन घरांची सोय.

हा हिशेब डोक्यात ठेवून महामार्गाकडेच्या ‘गावरान अंडी मिळतील’ या पाट्या वाचाव्यात. रोज शंभर अंडी विकणाऱ्याकडे त्याच हिशेबानं सहाशे कोंबड्या हव्यात, आणि सहाशे कोंबड्या मोकळ्या सोडायच्या तर दोन-तीन एकर रान केवळ त्यांच्यासाठी लागतं. त्यामुळे अंडं घेताना ‘कितीला दिलं?’ याच्या आधी ‘कोंबड्या किती आहेत?’ हे विचारलेलं बरं. खरा विकणारा या प्रश्नाला रागावत नाही.

याचा अर्थ बाकीचे सगळे लबाड असा नाही. वनराजा, ग्रामप्रिया, गिरिराज या सुधारित जाती परसात पाळायलाच तयार केलेल्या आहेत. मोकळ्यावर फिरून वनराजा वर्षाला शंभर-सव्वाशे अंडी देते, ग्रामप्रिया दीडशेच्या पुढे जाते. पण या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून दर वेळी पिल्लं उबवणी केंद्रातून आणावी लागतात. त्यांची अंडी ‘मोकळ्या रानातल्या ग्रामप्रियाची’ असं सांगून विकायला काहीच हरकत नाही. अडचण होते ती पांढरं अंडं चहाच्या पाण्यात बुडवून गावरान म्हणून खपवलं जातं तेव्हा. ओल्या फडक्यानं चोळलं की असा रंग बऱ्याचदा फडक्याला लागतो. बलकाच्या रंगावर मात्र भरवसा नको. गडद केशरी बलक हिरव्या चाऱ्यानं येतो, पिवळ्या मक्यानं येतो आणि खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांची भुकटी मिसळूनही आणता येतो. टरफल तपकिरी की पांढरं यानं अंड्याच्या सत्त्वात काही फरक पडत नाही. हे गिऱ्हाइकाला आपणहून सांगणारा विकणारा दुर्मीळ असतो, पण त्याचं गिऱ्हाईक सहसा तुटत नाही.

मराठवाड्यात थेट विक्रीचा खरा पेच वेगळाच आहे. इथे दोन पंचांगं चालतात. एक गिऱ्हाइकाचं, एक कोंबडीचं, आणि ती जुळत नाहीत.

गिऱ्हाइकाचं पंचांग सगळ्यांना पाठ असतं. आखाडात मागणी फुटते, अमावास्येच्या आधीच्या रविवारी कोंबडा सापडत नाही. श्रावण लागला की फोन बंद. गणपती, मग पितृपक्ष, नवरात्र. दसरा उलटला की पुन्हा हालचाल. मार्गशीर्षातले गुरुवार गेले. संक्रांतीची कर, धुळवड, चैत्रातल्या जत्रा, कंदुऱ्या म्हणजे नवसाची मटणाची जेवणं. आठवड्यातही सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार अनेक घरांत पाळलेले, वर एकादशी आणि चतुर्थी. उरलेल्या बुधवार, शुक्रवार, रविवारवर सगळा धंदा.

कोंबडीला यातलं काही ठाऊक नसतं. गावरान कोंबडा सव्वा ते दीड किलोचा व्हायला साडेपाच महिने घेतो. जुलैच्या सुरुवातीला तो तयार हवा तर तो जानेवारीच्या मध्याला अंड्यातून निघालेला असला पाहिजे, आणि त्यासाठी नाताळाच्या सुमारास कोंबडी अंड्यांवर बसवलेली असली पाहिजे. आखाडाचा विचार मार्गशीर्षात करावा लागतो. जूनमध्ये फोन घेऊन ‘हो, देतो की’ म्हणणारा एक तर बाजारातून आणून देणार असतो, नाहीतर त्यानं सहा महिन्यांपूर्वीच वही उघडलेली असते.

आता त्या वहीतलं गणित. पन्नास कोंबडे हवे असतील तर दोन महिन्यांची शंभर पिल्लं हवीत, कारण निम्म्या तलंगा म्हणजे माद्या निघणार. दोन महिन्यांची शंभर उरायची तर एकशे चाळीस फुटली पाहिजेत. खुडूक कोंबडीखाली शंभरातली ऐंशी अंडी फुटली तरी उत्तम, म्हणजे अंडी लागली पावणेदोनशे. एका कोंबडीखाली बारा धरली तर पंधरा कोंबड्या एकाच वेळी खुडूक हव्यात. वीस कोंबड्यांच्या घरात हे घडत नाही. तिथे थंडीत एका वेळी चार खुडूक मिळतात, अट्ठेचाळीस अंडी बसतात, अडतीस फुटतात, अठ्ठावीस जगतात, आणि आखाडाला चौदा कोंबडे हाती येतात. चौदा म्हणजे चौदाच. पंधरावी नोंद घेतली की ती कुठून तरी आणून भागवावी लागते, आणि तिथून पाय घसरायला सुरुवात होते.

बसवायची अंडी थंडीत दहा दिवसांपेक्षा, उन्हाळ्यात चार-पाच दिवसांपेक्षा जुनी नसावीत. टोक खाली करून, गार कोपऱ्यात, राखेत किंवा धान्यात ठेवायची. पाण्यानं धुवायची नाहीत, कारण टरफलावरचा नैसर्गिक थर निघून जातो आणि घाण छिद्रांतून आत ओढली जाते. सातव्या रात्री अंधारात बॅटरी लावून पाहायचं. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर अंडं जिवंत. आरपार स्वच्छ दिसलं तर वांझ. नुसतं लाल कडं दिसलं तर आत जीव धरून मेला. वांझ अंडी तेव्हाच काढली तर कोंबडीची ऊब वाया जात नाही. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. दोन ठेवले तर ते एकमेकांत भांडण्यात दिवस घालवतात आणि वांझ अंडी वाढतात, हे अनेकांना उशिरा कळतं.

पौषातल्या पिल्लांना दोन वैरी, थंडी आणि घार. कोंबडीसोबत सोडलेल्या पिल्लांना थंडीची काळजी आई घेते. पेटीत वाढवायची असतील तर पहिल्या आठवड्यात दिव्याखाली ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी उतरवायचे. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढली तर गारठलीत, कडेला पळून चोच उघडी टाकली तर उकडतंय, सगळी एकाच बाजूला दाटली तर कुठून तरी वारं शिरतंय. पेटीला कोपरे नसावेत. रात्री वीज गेली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि सकाळी खालची दहा-बारा गुदमरलेली सापडतात. पत्रा किंवा पुठ्ठा गोल वाकवून लावला की एवढा अनर्थ टळतो. खाली तूस किंवा शेंगांची टरफलं दोन-तीन इंच घालावीत. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि असं पिल्लू पुन्हा नीट उभं राहत नाही.

घारीचं प्रकरण मराठवाड्यात तुरीशी बांधलेलं आहे. दिवाळीपर्यंत रानात तूर डोक्याएवढी असते, तिच्या आडोशाला पिल्लं बिनधास्त चरतात. जानेवारीत तूर कापली, कापूस वेचून झाला की रान उघडं पडतं आणि नेमकी तेव्हाच आखाडाची पिल्लं बाहेर निघायची असतात. उपाय साधा आहे. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या पेंढ्या जाळायला नेण्याआधी आखाड्याभोवती, म्हणजे रानातल्या वस्तीभोवती, दर पंधरा-वीस पावलांवर तंबूसारख्या उभ्या करायच्या. घारीची सावली पडली की पिल्लं सेकंदात आत शिरतात. मुंगसासाठी मात्र जाळीच हवी. ती जमिनीवर संपवायची नाही. फूटभर बाहेरच्या बाजूला वळवून मातीत पुरायची, कारण मुंगूस जाळीच्या अगदी पायाशी उकरतं. खुराडं जमिनीपासून दोन-तीन फूट उंच, लांबी पूर्व-पश्चिम, कोंबडीमागे दीड चौरस फूट जागा, बसायला गोल बांबू, आणि पाच कोंबड्यांत अंड्यासाठी एक फूटभर खोका. एवढ्यात भागतं. सिमेंटचा महाल बांधून पहिल्याच वर्षी कर्जात जाणारे पाहिले की वाटतं, सुरुवात डालग्यापासून करावी.

मोकळ्या कोंबडीला खाद्य फुकट मिळतं हा गैरसमज आहे. दिवसाच्या शंभर ग्रॅमपैकी अर्धं ती रानातून मिळवते, अर्धं आपण द्यायचं: सकाळी थोडं, संध्याकाळी जास्त, म्हणजे ती खुराड्याकडे परतते. ज्वारी, बाजरी, मक्याचा भरडा, तांदळाची कणी. पावसात भिजलेला, बुरशी धरलेला मका ‘जनावरालाच तर द्यायचाय’ म्हणून कोंबड्यांपुढे टाकू नये. त्या बुरशीचं विष यकृत निकामी करतं आणि वाढ थांबते. पिल्लांसाठी जुनं मडकं पालापाचोळा आणि शेणानं भरून, शिंपडून, वारुळाजवळ उपडं ठेवलं की रातोरात वाळवी चढते. सकाळी ते पिल्लांपुढे झटकायचं.

जूनमध्ये पेरणीचा आठवडा कोंबड्यांच्या जिवावर येतो. सोयाबीनच्या, कपाशीच्या बियाण्याला लावलेलं गुलाबी-निळं औषध म्हणजे विष. थायरम लावलेलं बी खाल्लेली कोंबडी वाचली तरी पाय अधू होतात, अंडी बिनकवचाची पडतात. म्हणून पेरणीच्या आठवड्यात कोंबड्या कोंडूनच ठेवाव्यात, आपल्या रानाची पेरणी झालेली असो वा शेजारच्या. फवारणीच्या दिवसांत तेच. मांस ‘नैसर्गिक’ म्हणून विकायचं आणि पक्षी फवारलेल्या कपाशीत सोडायचा, या दोन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

मानमोडी म्हणजे राणीखेत आली की दोन दिवसांत खुराडं रिकामं होतं. मान वाकडी होते, हिरवट हगवण लागते, आणि औषध नाही. लस आहे. सातव्या दिवशी लासोटा डोळ्यात एक थेंब, चार आठवड्यांनी पुन्हा; आठव्या आठवड्यात आर-टू-बी ही टोचायची लस, अर्धा मिलिलिटर, पंखाच्या आतल्या बाजूला कातडीखाली. घोडं अडतं कुपीपाशी. कुपी शंभर-दोनशे मात्रांची येते, कालवली की दोन तासांत वापरावी लागते आणि वीस कोंबड्यांचं घर एकटं ती घेत नाही. पाच-सहा घरांनी एक दिवस ठरवला, भल्या सकाळी थर्मासमध्ये बर्फावर कुपी आणली आणि तासाभरात गल्ली उरकली की खर्च नगण्य होतो. लस गरम झाली तर टोचूनही उपयोग नाही. ‘लस दिली होती तरी मेल्या’ या तक्रारीमागे बहुतेकदा ऊन्हात मोटारसायकलच्या डिकीत ठेवलेली कुपी असते.

अंड्यांना उन्हाळा सोसत नाही. पारा चाळिशीपलीकडे गेला की कोंबडी चोच उघडून धापा टाकते. तिला घाम येत नाही, धाप हाच तिचा पंखा. पण धापेबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टरफलाला लागणारं कार्बोनेट कमी पडतं. म्हणून मेमधली अंडी हातात फुटतात. शिंपल्यांची भरड, सावलीत दोन-तीन ठिकाणी मातीच्या परळात गार पाणी, दुपारी खाद्य बंद. यानं थोडा फरक पडतो.

त्याहून मोठी अडचण आतली. कोंबडा सोबत असला की अंडं फलित असतं, आणि चाळीस अंशांच्या खोलीत ते कोंबडीशिवायही उबायला लागतं. तीन दिवसांनी गिऱ्हाइकानं फोडलं की बलकावर रक्ताचं कडं. ते घर पुन्हा फोन करत नाही. एप्रिल-मेमध्ये खायच्या अंड्यांच्या कोंबड्यांपासून कोंबडा वेगळा काढणं हा सरळ उपाय आहे. कोंबडा काढल्यावरही दोन आठवडे फलित अंडी येऊ शकतात, म्हणून तो मार्चच्या मध्यालाच हलवायचा. अंडी दिवसातून दोनदा गोळा करायची, ओल्या वाळूवर ठेवलेल्या मडक्यात ठेवायची, शिसपेन्सिलीनं तारीख लिहायची. गिऱ्हाइकाला पाण्याची परीक्षा शिकवून ठेवावी. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, आठवडा-दोन आठवड्यांचं एका टोकानं उचलतं, तरंगलं तर टाकून द्यावं.

मांसाच्या तक्रारी दोनच असतात, वजनाची आणि वातडपणाची.

‘भाऊ, दीड किलोचा कोंबडा म्हणालात, घरी मोजलं तर किलोच भरलं.’ दीड किलो जिवंत वजन. रक्त, पिसं, आतडी गेली की कातड्यासह किलोभर उरतं, कातडं काढलं तर आणखी कमी. हा फरक सौदा ठरताना सांगितला तर तो माहिती असतो, नंतर सांगितला तर सबब. पक्षी कापण्याआधी आठ तास दाणा बंद, पाणी चालू. वजनाआधी गळ्याखालची पिशवी दाण्यानं भरून घेणं ही शंभर ग्रॅमची चोरी आहे, आणि वर आतडी फुटून मांस खराब व्हायचा धोका.

वातडपणाचं खरं कारण बहुतेकांना माहीत नसतं. गावात कोंबडा कापला, गरम पाण्यात बुडवून पिसं काढली, जाळावर भाजून हळद लावली आणि अर्ध्या तासात चुलीवर. तिथे मांस आखडायच्या आत शिजायला लागतं. शहरात तोच कोंबडा दोन तासांनी पोचतो, म्हणजे पुरता आखडलेला असताना, आणि ताई लगेच कुकर लावतात. चार शिट्ट्या, पाच शिट्ट्या, तरी दातात अडकतो. एक तर ताबडतोब शिजवा, नाहीतर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी शिजवा. मधली वेळ वाईट. हे पिशवीवर लिहून दिलं तर निम्मे फोन कमी होतात. उरलेले फोन वयाचे. दोन किलोचाच हवा असा हट्ट धरणाऱ्याला सांगावं लागतं की ताई, दोन किलोचा गावरान म्हणजे वर्षाचा गडी, त्याला मंद आचेवर दीड तास द्या आणि रश्श्यासाठीच घ्या.

बोकडाची थेट विक्री इथे कुणी नव्यानं शोधलेली नाही. गावागावांत ‘वाटे घालणं’ पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. दहा-बारा घरं मिळून बोकड घेतात, खाटीक कापून देतो, पळसाच्या पानांवर नाहीतर पोत्यावर सारखे वाटे मांडले जातात. प्रत्येक वाट्यात पायाचं, बरगडीचं, मानेचं आणि काळजाचा एक तुकडा. कुणी कुठला वाटा उचलायचा ते मांडणाऱ्यानं ठरवायचं नसतं, म्हणून मांडणारा सारखेच मांडतो. एवढी चोख व्यवस्था क्वचित सापडते.

उस्मानाबादी शेळी बहुतेकदा काळीभोर, जुळी देणारी, धाराशिव-लातूरकडची. तिचा वर्षाचा बोकड चोवीस किलोचा भरला तर मांस अकरा किलोच्या आसपास पडतं. मुंडी, पाय, वजडी वेगळी. अकरा किलोचे बारा वाटे. बाराव्या घराचा होकार आल्याशिवाय सुरी उचलायची नाही, हा नियम मोडला की उरलेलं मांस घेऊन दुपारी दारोदार फिरावं लागतं. शहरातलं गिऱ्हाईक ‘नुसतं पायाचं द्या’ म्हणतं. मागचे दोन्ही पाय मिळून मांसाचा तिसरा हिस्सा. तोच सगळ्यांना एका भावानं दिला तर उरलेले दोन हिस्से कुणाच्या गळ्यात घालायचे? एक तर पायाचा भाव चढा ठेवावा, नाहीतर वाटाच विकावा. वाटाच विकावा हे बरं. अन्नसुरक्षेच्या २०११च्या नियमांत दिवसाला पन्नास पक्षी किंवा दहा लहान जनावरांपर्यंत कापणाऱ्याला छोट्या उत्पादकाची साधी नोंदणी पुरते. कागद लहान आहे, तो करून ठेवावा.

मोकळ्या पाळण्याची एक कमजोरी विकणारे सांगत नाहीत. रानपक्षी आणि आपली कोंबडी एकाच पाण्यावर येतात. जानेवारी २०२१मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला आणि परिसरातले पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२५मध्ये उदगीरमध्ये कावळे मरून पडले, तपासणीत तोच रोग. अशा वेळी पाणी झाकून ठेवणं, मेलेला पक्षी उघड्या हातानं न उचलणं, पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवणं आणि पाळीव कोंबड्या महिनाभर कोंडणं एवढं हातात असतं. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, पण बातमी आली की विक्री थांबते ती थांबतेच. त्या महिन्याचं खाद्य आधीच धरलेलं असावं.

तसंच श्रावणाचं. २०२३मध्ये अधिक श्रावण आला, १८ जुलैपासून १५ सप्टेंबरपर्यंत सलग दोन श्रावण. ज्यांची गिऱ्हाइकं दोन्ही महिने पाळणारी होती आणि ज्यांचे कोंबडे आखाडात खपले नव्हते, त्यांना हिशेब कळला असेल. वाढलेल्या कोंबड्याला रोज ऐंशी ग्रॅम धरलं तर पन्नास कोंबडे साठ दिवसांत दोनशे चाळीस किलो धान्य खातात, आणि दीड किलोच्या पुढे त्यांचं वजन त्या मानानं वाढत नाही.

अधिक महिना पेरणीसारखाच आधी पाहून ठेवायचा असतो. २०२५मध्ये श्रावण २५ जुलैला लागला. २०२६मध्ये ज्येष्ठ अधिक, त्यामुळे श्रावण १३ ऑगस्टला आणि आखाड १५ जुलैपासून. जवळजवळ वीस दिवसांचा फरक. म्हणजे त्या आखाडासाठी अंडी नाताळात नव्हे, संक्रांतीच्या सुमारास बसवायची, पिल्लं फेब्रुवारीच्या सुरुवातीला माघात फुटणार, थंडी सोपी जाणार, पण आठव्या आठवड्याची लस एप्रिलच्या उन्हात येणार. ती पहाटे सहाच्या आत टोचून घ्यावी.